उशिराचं कारण

“गेटवरच हाय मॅडम, लायनीत. पुढं चारच गाड्या!”

हे वाक्य जागृतीच्या एका कानात फोनमधून शिरलं आणि दुसऱ्या कानात समोरच्या खुर्चीतून. तिने मान वर केली. पुढे पाठमोरा बसलेला, चौकड्यांच्या शर्टातला माणूसही फोन कानाला लावून बसला होता.

रविवारची सकाळ होती. उरणच्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, वाहतुकीच्या कामाचं इंग्रजी शिकायला वीसेक माणसं वह्या उघडून बसली होती. जागृती बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात गेटच्या खिडकीवर असायची. आज तिची सुट्टी, पण खिडकीवरच्या अमिषाने तिला फोन केला होता. एक ट्रेलर अजून आलेला नाही, दुपारी जहाजासाठी माल घेणं बंद होईल, ड्रायव्हर माझा फोन उचलत नाही, तू बघ जरा! म्हणून जागृतीने त्या ड्रायव्हरला फोन लावला होता.

“पुढे चार गाड्या?” जागृती फोनमध्ये गोड आवाजात म्हणाली. “मला तर पुढे फळा दिसतोय.”

चौकड्यांचा शर्ट हळूच मागे वळला. फोन अजून कानालाच होता.

“मॅडम… तुमी कुठं हाव?”

“तुमच्या मागे. लाइनीत.”

अख्खा वर्ग हसला. तो मात्र कानापर्यंत लाल झाला, वही तिथेच टाकून जिना उतरला आणि दीड तासाने, कंटेनर पोचवून, केस विसकटलेल्या अवतारात दारात उभा राहिला. “मे आय कम इन?” त्याने विचारलं. विचारलं तेजस्वी मॅडमना, पण बघितलं जागृतीकडे. त्याचं नाव प्रज्योत. ट्रेलर त्याचा स्वतःचा होता, पण त्याला एका मोठ्या कंपनीत गाड्यांवर लक्ष ठेवायची नोकरी हवी होती आणि तिथे परदेशातल्या पार्ट्यांशी, म्हणजे गिऱ्हाइकांशी, बोलावं लागे.

तेजस्वी मॅडमनी जहाज कंपनीच्या कचेरीत उभा जन्म काढलेला. त्यांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या आणि फोनवर बोलल्यासारखं बोलायचं, कारण फोनवर कुणाचं तोंड दिसत नाही. उशीर होणार असेल तर तीन गोष्टी सांगायच्या. मी कुठे आहे, उशीर का झाला, आता किती वाजता येईन. तेही उशीर व्हायच्या आधी.

“आणि ‘पोचतोच’ हा शब्द माझ्या वर्गात कुणी काढायचा नाही,” त्या म्हणाल्या.

वर्गात कुजबुज झाली. कारण या धंद्यात उशिरा येणारा प्रत्येक ट्रेलर बंदराजवळच्या करळ फाट्यावरच असतो, मग तो खरा सुरतेला का असेना. सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. त्याला कुणी खोटं म्हणतच नाही, ती एक बोलायची रीत झाली आहे.

जागृती मात्र त्याला खोटंच म्हणायची. तिचे बाबा, चांगदेव, तीस वर्षं ट्रेलरवर होते. दहाव्या वाढदिवसाला नवा फ्रॉक घालून ती संध्याकाळी पाचपासून दारात बसली होती. बाबा दर तासाला फोनवर सांगत होते, करळ फाट्यावर जाम आहे, पोचतोच. ते त्या दिवशी गुजरातेत होते. गाडीवाल्याशी लग्न करायचं नाही, हे तिने तेव्हापासून ठरवून टाकलेलं.

आणि मॅडमनी नेमकी तिची पाठ प्रज्योतच्या पाठीला लावली!

“व्हेअर आर यू नाऊ?” जागृतीने विचारलं.

“आय ॲम… बिहाइंड यू.”

“तसं नाही हो! गाडी कुठेय ते सांगा.”

“गाडी उभी हाय. ड्रायव्हरच हललाय.”

“इंग्रजीत!”

“इंग्रजीत हे सांगायला अजून चार रविवार लागतील मॅडम.”

तिला हसू आलं. पाठ होती म्हणून बरं, त्याला दिसलं नाही. पण खुर्ची हलली असणार, कारण पलीकडूनही हसल्यासारखा आवाज आला. पुढच्या रविवारी ती केसांत अबोलीचा गजरा माळून निघाली आणि वाटेत भेटलेल्या अमिषाने विचारलंच, “वर्गात हळदीकुंकू हाय काय गं?”

चार रविवार गेले, मग आठ. मिठागरांवर पांढरे ढीग दिसू लागले. प्रज्योतचा ट्रेलर यार्डात आला की खिडकीतून कागद देताना त्याची बोटं जरा जास्त वेळ थांबायची, आणि तीही शिक्का मारायला उगाच वेळ लावायची. मागचे ड्रायव्हर हॉर्न मारायचे. एकदा तिने त्याला विचारलं, “तुमचं इंग्रजी इतकं सरळ कसं हो? मराठीत तर किती थापा मारता!”

“इंग्रजीत थापा मारायला शब्दच येत न्हाईत,” तो म्हणाला. “जेवढं खरं हाय तेवढंच कसंबसं बोलता येतं.”

त्या वाक्यावर ती भाळली. खरं सांगायचं तर आधीच भाळली होती, त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं एवढंच.

पण मग पिरवाडीच्या किनाऱ्यावर भेटायचं ठरलं आणि तो आला नाही. तिने फोन केला. “पोचतोच,” तो म्हणाला, “करळ फाट्यावर…” दीड तासाने धापा टाकत आला तेव्हा ती स्कूटीला किल्ली लावत होती.

“पनवेलला अडकलो होतो. तू निघून जाशील म्हणून…”

“मला उशीर चालतो, प्रज्योत. जन्मभर चालेल. पण मी वाट बघतेय आणि तू मला खोट्या जागेवरून बोलतोयस, हे नाही चालणार.” तिने त्याला फ्रॉकची गोष्ट सांगितली. सांगताना तिचा आवाज फुटला आणि तिला स्वतःचाच राग आला.

 “रविवारी आईबापाला घेऊन घरी येतो,” तो म्हणाला. “रीतीनं. पाच वाजता. त्या दिवशी गाडी काढत न्हाई.”

“आणि पुन्हा ‘पोचतोच’ म्हणालास तर?”

“तर दार लाव.”

रविवारी आत्या दुपारीच येऊन बसली. मुलगा ट्रेलरवाला, म्हणून तिचं नाक आधीच मुरडलेलं. आईने रव्याचे लाडू ताटात रचले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि जागृतीने अंजिरी साडी तीनदा सोडून तीनदा नेसली. साडेतीन वाजता फोन वाजला. पडद्यावर प्रज्योतचं नाव होतं.

“स्पीकरवर टाक,” आत्या म्हणाली. “आमाला पण कळू दे.”

तिने टाकला.

“जागृती,” त्याचा आवाज दबलेला होता, “आय ॲम ॲट खोपोली.”

आत्याने भुवया चढवल्या.

“पाचला पोचत न्हाई. साडेसात होतील. आईबाबा घरी तयार होऊन बसलेत, गाडी लावून त्यांना घेऊन येतो.” तो थांबला. “कारण सांगतो. जाम न्हाई, रस्ता मोकळा हाय. पहाटे माल पाठवणाऱ्या पार्टीचा फोन आला, मला न्हाई म्हणता आलं न्हाई. गाडी काढणार न्हाई बोललो होतो, तरी काढली. चूक माझी हाय.”

 आत्या फिस्कारली. “येडा हाय काय हा? जाम होता बोलला असता तर कुणी विचारलं असतं काय? खुशाल चाललं असतं की!”

“व्हय,” बाबा हळूच म्हणाले. “तीस वर्षं मी तेच चालवलं.”

जागृतीने त्यांच्याकडे बघितलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, शर्टाचं वरचं बटण उगाच काढत-लावत होते. मग त्यांनी हात पुढे करून तिच्याकडून फोन घेतला.

“पोरा, मी चांगदेव बोलतो. साडेसात ना?”

“हो काका.”

“मग सवासातला चहा ठेवायला सांगतो. घाई करू नको, गाडी सावकाश आण.” आणि फोन तिच्या हातात परत देताना ते अगदी कमी आवाजात म्हणाले, “मला तुझ्याशी असं बोलायला पायजे होतं बाय.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. स्पीकर बंद करून ती मागच्या पडवीत गेली. वाऱ्याला खाडीचा खारा वास होता.

“रागावलीस?” त्याने विचारलं.

“हो. खूप.”

“मग… आईबाबांना आणू की नको?”

“आण. अर्थात आण.” तिने एक श्वास घेतला. “आणि ऐक. साडेसातला आत्या असेल, लाडू असतील, मला तोंड उघडता येणार नाही. म्हणून आत्ताच सांगते. माझं तुझ्यावर प्रेम आहे. आज सकाळपर्यंत होतं त्यापेक्षा जास्त.”

 पलीकडे फक्त दूर कुठेतरी ट्रक जात होते.

“प्रज्योत? आहेस ना?”

“हाय…” तो म्हणाला. “गाडी बाजूलाच उभी हाय. जरा वेळ इथंच थांबतो. साडेसातचं पावणेआठ कर.”

“आता काय झालं? कारण?”

“तू.”

जागृती पदर तोंडावर धरून हसली, मग डोळे पुसून आत गेली आणि आईला म्हणाली, चहा साडेसातला ठेव.