जितेपणी निघालेलं कार्ड

ही घडलेली गोष्ट आहे.

ज्याला पटणार नाही त्यानं वडनेर भोलजीहून नांदुऱ्याला जाणाऱ्या दुपारच्या एसटीत एकदा बसून पाहावं. गाडी कितीही भरलेली असो, खिडकीजवळची एक सीट रिकामी दिसेल. बाजूला एक पोरगा बसलेला असेल.

त्या सीटवर मात्र बसू नये.

तर आधी मिळकत काय होती ते पाहू. या सगळ्यात अश्वजितला मिळणार होतं एक हसू. वैष्णवीचं. तेही खरं नव्हे, मोबाईलवरचं, पिवळं, डोळ्यांतून पाणी काढणारं. एवढ्याशा मालासाठी त्यानं काय गहाण टाकलं, हे त्याला त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तरी त्यानं त्या माणसाचाही स्टिकर बनवला असता.

गेल्या वर्षीचा एप्रिल होता. बारावीचा पेपर देऊन अश्वजित नांदुऱ्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होता. पण गावात त्याची किंमत क्लासमुळे नव्हती. ती होती कार्डांमुळे. कोणाचा वाढदिवस, कोणाचं लग्न, कोणाची माती... फोटो अश्वजितकडे यायचा आणि चहा थंड व्हायच्या आत मोबाईलवर कार्ड तयार. पैसे घ्यायचा नाही. फक्त कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचा : डिझाईन, अश्वजित.

हळूहळू गावाला सवयच लागली. कोणी गेल्याची कुणकुण आली तरी लोक ओट्यावरून हलायचे नाहीत.

"अश्वजितचं कार्ड आलं का?"

"नाही."

"मंग हाय म्हना अजून."

ग्रामपंचायतीचा दाखला मागाहून यायचा. माणूस गेला की नाही, हे ठरायचं अश्वजितच्या कार्डावर.

त्याच गल्लीत महामाया राहायची. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या बनाबाईची एकुलती एक. अश्वजितच्याच क्लासला, त्याच गाडीनं. पोरगी सरळ. कोणी टोमणा मारला तर चिडायची नाही, "म्हणजे काय?" असं मनापासून विचारायची. क्लासच्या पोरापोरींचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता; अशी माणसं ग्रुपवाल्यांना फार आवडतात.

एकदा क्लासमध्ये तिला डुलकी लागली. तोंड थोडं उघडं राहिलं. कोणीतरी फोटो काढला आणि अश्वजितनं त्याचा स्टिकर केला. मग ग्रुपवर गुड मॉर्निंगला तोच, गुड नाईटला तोच. क्लासच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय वापरायचा नाही. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. परीक्षेला येणार होतं ना!

महामाया त्याला नळावर भेटली.

"आशू, तो स्टिकर काढ ना बे."

"मी थोडीच बनवला?"

"मंग कोनं बनवला? तुह्याशिवाय कोनाले येते हे इथं?"

"अवं, गंमत हाय ती. तूही हसत जा जराशी."

"हसली होती मी," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी."

आणि हंडा उचलून गेली.

त्या संध्याकाळी तिनं ग्रुप सोडला. कोणीतरी लिहिलं, 'गेली बिचारी.' वैष्णवीनं लगेच टाकलं, 'आशू, गेली ना ती? मग कार्ड बनव की!'

वैष्णवी नांदुऱ्याची, त्याच क्लासमधली. तिनं आजवर अश्वजितला नावानं कधी हाक मारली नव्हती.

फोटो त्याच्याकडे होताच. क्लासचा फॉर्म भरायचा म्हणून महामायानंच विश्वासानं दिलेला, मागचा रंग निळा करून हवा होता तिला. त्यानं तोच उचलला. बोधिवृक्षाच्या पानांची चौकट. वर 'विनम्र आदरांजली'. मधे 'कालकथित महामाया'. खाली 'शोकाकुल : समस्त ग्रुप परिवार'.

आणि कोपऱ्यात, सवयीनं... डिझाईन, अश्वजित.

हसण्याचा पूर आला. त्या पुरात वैष्णवीचंही एक हसू आलं. सौदा झाला. अश्वजित खुशीत जेवायला बसला.

ताटावरून उठला आणि मोबाईल पाहिला.

कार्ड गावाच्या ग्रुपवर होतं.

कोणी पुढं पाठवलं, देव जाणे. खाली एकही हसणारा चेहरा नव्हता. नुसते जोडलेले हात... हातांखाली हात... हातांखाली हात.

त्यानं घाईनं आपल्या ग्रुपवरचं कार्ड सगळ्यांसाठी डिलीट केलं. तिथून गेलं. बाकी कुठूनच गेलं नाही. गावाच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं, 'गंमत होती. महामाया घरीच आहे.'

उत्तर आलं, 'अशा वेळी गंमत सुचते का रे तुला?'

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली उन्हानं पार पुसून काढली होती. कुत्रंही नव्हतं. फक्त घराघरातले कूलर घरघरत होते.

आणि मग...

एकेक कूलर बंद होत गेला.

लाईट गेली नव्हती. लोकच बटन बंद करून घराबाहेर येत होते. बायांनी डोक्यावर पदर घेतले होते. सगळे निघाले होते बनाबाईच्या घराकडे.

अश्वजित धावत पुढं गेला. महामाया दारात उभी होती. हातात ताट, ताटात पाण्याचे ग्लास. इतके पाहुणे का आले ते तिला कळत नव्हतं, पण उन्हाचं आलेल्या माणसाला पाणी तर द्यावंच लागतं.

चिखलीहून जीप आली. तिची मोठी मावशी कौशल्याबाई उतरली ती ऊर बडवतच.

"माह्या लेकी वं..."

"मावशी, काऊन रडून राह्यली? मी हे काय उभी!"

कौशल्याबाई तिच्या अगदी अंगाला घासून आत गेली. पदर ताटाला लागला. ग्लास एकमेकांवर वाजले...

कौशल्याबाईनं वळून दाराकडे पाहिलं. नुसतं दाराकडे.

"वारं सुटलं वाटते," ती म्हणाली.

निंबाचं पानही हलत नव्हतं.

"माही पोरगी जिती हाय!" आतून बनाबाई ओरडत होती. "आंधळे झाले का तुमी? थे काय दारात उभी हाय!"

कौशल्याबाईनं बहिणीला कवटाळलं आणि बाकीच्या बायांना डोळ्यांनी खुणावलं. "बसवा वं तिले खाली. लेकरू गेलं की असंच दिसते काही दिवस."

"मावशी, ते कार्ड खोटं हाय," अश्वजित पुढं झाला. "मी बनवलं. मजाक केली मी."

लोकांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. त्याच्या बापानं, गुलाबरावानं, त्याचा दंड धरला. "चाल घरी. संगं खेळलेले दोघं. लागलं पोराच्या मनाले."

माती कुठं झाली, कोणी केली, हे एकानंही विचारलं नाही. उशिरा आलेल्याला वाटतं, आपण यायच्या आधी आटोपलं असेल. आणि त्या दिवशी सगळेच उशिरा आले होते.

लोक गेल्यावर ती नळापाशी बसलेली दिसली. ताट तसंच भरलेलं. एक घोटही कमी झाला नव्हता.

"आशू, तुले दिसून राह्यली ना मी?"

"हाव."

"मंग बरं हाय." तिनं ताट बाजूला सरकवलं. "मले मारलंच होतं त नाव तरी मधात घ्यायचं बे. मावशीच्या मोबाईलात पाह्यलं मी, डाव्या अंगाले सरकलं हाय."

ती हसली. त्याला हसता आलं नाही.

तिनं मैत्रिणींना फोन लावून पाहिले. वैष्णवीलाही लावला. अश्वजित शेजारीच होता, पलीकडचं त्याला स्पष्ट ऐकू आलं.

"हॅलो... हॅलो? कोण आहे?"

"वैष्णवी, मी महामाया बोलून राह्यली. अवं, मी हावो!"

"हॅलो...? काहीच आवाज नाही येत." फोन कट.

तिच्या मेसेजवर एकच टिक यायची. दुसरी कधी आलीच नाही.

मग अश्वजितनं जे येत होतं ते केलं. तीच चौकट, तेच अक्षर, नवं कार्ड : 'महामाया जिवंत आहे. आधीचं कार्ड खोटं होतं. चूक माझी.' त्यानं ते प्रत्येक ग्रुपवर टाकलं.

वैष्णवीचं उत्तर आलं, 'लाज नाही वाटत? गेलेल्या पोरीची मजाक करतो?'

हे लिहिणारी तीच. आधीचं कार्ड मागणारीही तीच. आणि गंमत बघा, ती खोटं बोलत नव्हती. आपण मागितलं होतं, हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं अश्वजितच्या मोबाईलवर करड्या अक्षरातली एक ओळ उमटली. त्याला ग्रुपमधून काढलं होतं. एकेका ग्रुपमधून.

त्या दिवसापासून त्याचा मोबाईल वाजला नाही. कार्डासाठीसुद्धा नाही.

त्यानं बापाला सांगून पाहिलं. गुलाबराव आयुष्यभर गावाला सांगत आलेला माणूस, भूत-बित सारं थोतांड आहे.

"भूत कोन म्हनते, बाबा? जिती हाय ती. हे बसली तुमच्या बाजूले, बाजेवर."

गुलाबरावानं बाजूला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोनी नाही रे, बापू."

आणि मग... थोडा सरकून बसला.

कशाला सरकला, ते त्यालाही सांगता आलं नाही. उठून बाहेर निघून गेला.

सगळ्यांत जास्त दिवस टिकली ती बनाबाई. सारं गाव एकीकडे आणि ती एकटी एकीकडे. दोन ताटं वाढायची, लेकीशी भांडायची, वेणी घालून द्यायची. भिंतीपलीकडून शेजारणी ऐकायच्या आणि हळहळायच्या. येणारी-जाणारी प्रत्येक बाई समजावून जायची, पोरगी गेली, बनाबाई, मन घट्ट कर. रोज कोणी ना कोणी. मन घट्ट कर.

एका दुपारी महामाया अश्वजितच्या ओट्यावर येऊन बसली. वेणी सुटलेली होती.

"आज आईनं एकच ताट वाढलं," ती म्हणाली.

मग स्वतःच वेणी घालायला लागली.

मग बनाबाई स्वतः आली. अश्वजितच्या समोर उभी राहिली. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता.

"बापू, तुह्यापाशी फोटो हाय ना तिचा? त्या कार्डातला? तेवढा मोठा करून दे. भिंतीले लावाले. माह्यापाशी एकही नाही रे."

बनाबाईच्या मागं महामाया उभी होती. आईच्या पदराचं टोक तिनं दोन्ही हातांनी धरलेलं. ती मान हलवत होती. नको... नको...

बनाबाईनं पदर सावरला. टोक हातातून सुटलं.

"डिलीट झाला, काकू," अश्वजित म्हणाला.

फोटोसाठी दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवण्याची ही त्याची पहिलीच वेळ. पण एकदा बाहेर गेलेली गोष्ट त्याच्या नाही म्हणण्यानं थांबते थोडीच! कौशल्याबाईच्या मोबाईलात कार्ड होतंच. तिनं चिखलीच्या एका दुकानातून ते मोठं करून आणलं. आज बनाबाईच्या घरात समोरच्याच भिंतीवर ते आहे. बोधिवृक्षाची पानं, निळा रंग, डावीकडे सरकलेलं नाव. बनाबाई त्याला रोज चाफ्याचं फूल वाहते.

कोपऱ्यातली बारीक अक्षरं काचेतून नीट वाचता येतात.

क्लास केव्हाच संपला. पण अश्वजित दुपारची गाडी चुकवत नाही. घरात तिला बसवत नाही, गल्लीत तिला कोणी ओळखत नाही. गाडीत निदान खिडकी आहे. जायचं, नांदुऱ्याच्या स्टँडवर थोडं बसायचं, परत यायचं.

"एक फुल, एक हाफ," तो म्हणतो.

कंडक्टर पहिल्यांदा थबकला होता. "हाफ कोनाचं?"

"लेडीजचं."

"कुठं हाय लेडीज?"

अश्वजितनं खिडकीकडे हात केला. कंडक्टरनं पाहिलं, मागच्या माणसानं डोक्याजवळ बोट फिरवून दाखवलं, आणि मशीननं दोन तिकिटं काढली. आता तो विचारत नाही. गाडी गच्च भरली तरी त्या सीटवर कोणी टेकत नाही. उभे राहतात. का, ते कोणालाच सांगता येत नाही.

आधी ती रस्ताभर बोलायची. त्याच्या कार्डांची टर उडवायची, शेतातल्या कपाशीच्या ओळी मोजायची. मग कमी बोलायला लागली. मग फक्त हाव आणि नाही.

परवा तो गाडीत चढला, तिकिटं काढली, खिडकीकडे वळला...

सीट रिकामी होती.

तो पाहत राहिला. डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. उन्हात तापलेलं रेक्झिन, वर एक चीर, बस्स.

त्यानं हाफ तिकीट सीटवर ठेवलं. वारा आला. तिकीट उचललं गेलं, फडफडलं...

आणि मधेच थांबलं. कोणीतरी बोटानं दाबून धरावं तसं.

"हायस ना?" त्यानं हळूच विचारलं.

इंजिनाची घरघर. मग फार लांबून...

"हाव."

ती पुन्हा दिसायला गाव मागं पडून पार नांदुरा यावं लागलं. तेही अंधुक. उद्या किती वेळ लागेल, त्याला माहीत नाही. तिला पाहणारा आता तो एकटाच उरला आहे, एवढं मात्र दोघांनाही माहीत आहे. म्हणून तो गाडी चुकवत नाही.

हिशोब करायचाच तर असा आहे. वैष्णवीनं एक हसू दिलं आणि विसरून गेली. ग्रुपचं काही गेलं नाही, तिथं रोज सकाळी नवा स्टिकर येतो. हाफ तिकिटाचे पैसे अश्वजित भरतो.

बाकी सगळं महामायाच भरून राहिली आहे.