वाघरीच्या जागा

पडद्यावर गारमाळाचा नकाशा उघडला आणि डॉ. वैजयंती टिळेकरांचं डोकंच फिरलं. सहा वर्षं ड्रोनने बाभळीचं बी पेरलं, तरी आठशे हेक्टर माळ बोडका तो बोडकाच. हिरवे होते फक्त एकेचाळीस गोल ठिपके, अंगणाएवढे.

"खाली पाणी असेल," संचालक केतकर म्हणाले.

"नाही. पाणी, माती, बुरशी, सगळं तपासलं."

माळाची राखण 'कर्बपाल' या यंत्रबुद्धीकडे होती. तिला हुकूम एकच: माळात कर्ब, म्हणजे कार्बन, साठेल तेच करायचं. शेळ्या जंगलाच्या वैरी, हे तिला या दोघांनीच शिकवलं. तिने कुंपणात वीज सोडली आणि भोंग्यांवर कुत्र्यांचं भुंकणं लावलं.

टिळेकरांनी केतकरांसोबत फाटकावर जाऊन नकाशा तिथल्या राखणदारीण ठकूबाई कोळेकरांना दाखवला. म्हातारीने ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"ही माझी वाघर. ही बी माझीच. ही सासूच्या वेळची."

"वाघर म्हणजे शेळ्या कोंडायची जाळी?"

"व्हय. उन्हाळाभर शेळ्या बाभळीच्या शेंगा खायच्या अन् वाघरीत रवंथ करताना बी थुकायच्या. पावसाळ्यात आमी दुसऱ्या मुलखात. मागं रोपं उगवायची."

टिळेकर खजील झाल्या. बाभळीच्या बीचं टणक कवच शेळीच्या पोटात मऊ होतं, हे त्या स्वतः वर्गात शिकवत. पण भिजवलेलं बी ड्रोनच्या नळीत अडकायचं, म्हणून कोरडंच पेरलं होतं.

"मग आधी बोलला का नाहीत?" केतकर ओरडले.

"बोलले की! गावात मीटिंग भरली, तवा चहा म्याच दिला. सांगाया लागले, तर तुमी म्हनला, मावशी, साखर कमी."

टिळेकरांनी ही माहिती कर्बपालाला दिली. त्याच क्षणी कुंपणातली वीज गेली आणि फाटक सताड उघडलं. फाटकावरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'शेळ्या हव्यात.'

"मावशी, आणा तुमच्या शेळ्या," केतकर घाईने म्हणाले.

"कुठनं आनू?" ठकूबाई कडाडल्या. "एकशेवीस हुत्या. माळ बंद केलासा, चारा न्हाई, खाटकाला दिल्या समद्या. ऱ्हायली एक तांबडी. ती ह्याच तारंला चिकटून मेली!"

कर्बपालाला संताप कळत नव्हता. शेळ्या कशाने येतात, एवढंच त्या यंत्रबुद्धीने कुंपणावरच्या सहा वर्षांच्या ध्वनिमुद्रणांत शोधलं. भोंगा खरखरला आणि त्यातून ठकूबाईंचाच आवाज आला, त्या दिवशीचा, घाबरलेला.

"ये गं तांबडे! माघारी ये! ये गं बाय!"

ठकूबाईंनी काठी उचलली आणि तुकडे होईपर्यंत भोंगा झोडपला.

कुंपणावर तसे आणखी दोनशे भोंगे होते.