प्रश्न चौथा : सर्दी आहे का?

१. नाव

फॉर्मवर ‘अपूर्वा’ लिहून तिने मान वर केली, आणि आडनाव राहूनच गेलं. टेबलापलीकडे क्लेटन उभा होता. अंधेरीच्या त्याच तरणतलावाच्या काठावर, सहा वर्षांनी.

ऑफिसच्या दहा जणांबरोबर ती स्कूबाच्या एक दिवसाच्या वर्गाला आली होती. शिकवणारा कोण, हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

“मुलुंड,” तो म्हणाला. तेव्हाही दोघं एकमेकांना नावाने नाही, राहत्या ठिकाणाने हाक मारायची.

“मढ,” ती म्हणाली.

२. पोहता येतं का?

येत होतं. खाली जाता येत नव्हतं.

त्या वेळी तो दर रविवारी मढच्या चर्चमध्ये सकाळची मिस्सा आटपून फेरीबोटीने वर्सोव्याला उतरायचा आणि दहाला इथे हजर. त्यानेच शिकवलं... दर हातभर खाली गेलं की नाक चिमटीत धरायचं, हळूच फुंकायचं, कानात ‘टिक’ वाजेल. दुखलं तर हात डोलवून कान दाखवायचा, थोडं वर यायचं, थांबायचं. “कानाशी भांडायचं नाही,” तो सांगायचा, “मनवायचं.”

ती रिक्षातसुद्धा नाक धरून सराव करायची. एका रिक्षावाल्याने शेवटी विचारलंच, गाडीत वास येतोय का म्हणून. हे ऐकून क्लेटन इतका हसला की त्या दिवशी मास्कच घालता येईना.

३. कानाला पूर्वी कधी त्रास?

एकदा. शेवटच्या रविवारी.

सोमवारी तो कामासाठी अंदमानला निघणार होता, आणि तिचं नाक शनिवारपासून चोंदलेलं. सर्दी असेल तर पाण्यात उतरायचं नाही, हा त्याचा नियम. तिने नाकात थेंब टाकले आणि फॉर्मच्या चौथ्या प्रश्नावर ‘नाही’ला खूण केली.

तीन मीटरवर उजव्या कानात सुई शिरली. त्याने बोटांचं वर्तुळ करून विचारलं, ठीक? तिनेही वर्तुळ दाखवलं. अजून थोडं खाली... अजून थोडं... वर आली तेव्हा कानातून रक्त येत होतं.

पडदा फाटला होता. दीड महिन्यात भरून आला. पण आपणच घाईने खाली नेलं, असं धरून क्लेटन गेला. आणि तिने त्याला तसंच जाऊ दिलं. त्यानंतर लोणावळ्याच्या घाटात कान बंद झाले की नाक चिमटीत धरताना तिला फक्त तोच आठवायचा.

४. आज सर्दी आहे का?

पेन थांबलं. सकाळपासून नाक गळत होतं. थेंबांची बाटली पर्समध्ये होती. ‘नाही’ म्हटलं तर तासभर पाण्यात, त्याचा हात धरून...

“कान कसा आहे?” त्याने खालच्या आवाजात विचारलं. “तुझ्यानंतर कोणालाच घाई नाही केली मी. एक जण तर म्हणाला, सर, संध्याकाळ होईल.”

तिला हसू आलं नाही.

“क्लेटन, तू घाई केलीच नव्हतीस. मला सर्दी होती. फॉर्मवर खोटं लिहिलं मी.”

“का?”

“तू सोमवारी जाणार होतास ना...”



“सहा वर्षं, मुलुंड. एक फोन करायचा ना यार.”

“लाज वाटली रे. आणि नंतर... जास्तच वाटत गेली.”

तिने पेन उचललं आणि ‘हो’वर खूण केली. ठळक, दोनदा.

क्लेटनने खूण पाहिली. “वाट लागली,” तो म्हणाला. “म्हणजे आज तुला पाणी बंद.”

“माहितेय.”

“एक वाजता वर्ग सुटेल. थांबशील? मग मढला घरी चल. मम्मी रविवारी बाटली मसाल्याची झणझणीत कोंबडी करते. तिच्या वासाने नाक इकडे वर्सोव्यालाच, बोटीत बसायच्या आधी उघडेल.”

“आणि मी कोण म्हणून सांगशील?”

त्याने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि फॉर्म स्वतःकडे वळवला.

५. काही झाल्यास कोणाला कळवायचं?

तिथे त्याने आपला नंबर लिहिला. जुनाच होता.