दोन रुसलेले बाप

"जयभीम, बाबा..."

भिलाईच्या वैशाली नगरातल्या त्या दोन खोल्यांच्या उंबरठ्यावर राजदीपच्या ओठांवर हे शब्द थरथरले. दोन वर्षांनी इस्रायलहून परतलेला लेक! आई भागाबाईनं त्याला कवटाळलं, धाकटी प्रेरणा हसत-रडत त्याच्या बॅगेलाच लोंबकळली. पण खाटेवरच्या चंपतरावांनी मात्र भिंतीकडे तोंड फिरवलं. दर रविवारी फोनवरून धाडलेल्या जयभीमला एकदाही उत्तर आलं नव्हतं, अन् आजही नाही! प्रेरणाच्या नर्सिंग कॉलेजसाठीच तर तो सायरनच्या छायेत सळ्या बांधायला गेला होता... मग बापाचं काळीज असं पाषाण का व्हावं?

त्याचं कारण राजदीपला ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी एका रोलिंग मिलमध्ये संप झाला, चंपतरावांचा गेटपास बंद झाला, अन् दुसऱ्या सकाळी त्यांचं हेल्मेट परक्याच्या डोक्यावर दिसलं. तिकडे इस्रायलमध्ये हमासच्या हल्ल्यानंतर युद्ध पेटलं, पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाले, अन् त्यांच्या जागी भारतातून माणसं गेली. राजदीप त्यांतलाच एक.

"दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन गेला हा!" चंपतराव भिंतीलाच म्हणाले.

राजदीपच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हो, गेलो. पण ऐका तं खरं! साइटवर मले सळ्या बांधाचा एक हूक सापडला, मुठीले निळी चिंधी गुंडाळलेली. तिथला अरब फोरमन म्हणे, हा नबीलचा, परवाना बंद होईपर्यंत अकरा वर्षं होता इथं. मी तो हूक त्या फोरमनच्या हातून नबीलच्या घरी पोचवला, बाबा!"

चंपतरावांची मान किंचित वळली. त्यांचं हेल्मेट कुणीच आणून दिलं नव्हतं.

"अन् ते इस्रायली?" प्रेरणानं विचारलं.

"शेजारची म्हातारी सायरन वाजला का माहा हात गच्च धरे. बगदादची यहुदी, लहानपणीच घर सोडून पळा लागलं तिले. भाचा हमासच्या हल्ल्यात गेला. अन् नबीलच्या आज्याले अठ्ठेचाळीसच्या लढाईत गाव सोडा लागलं... कोणाले सांगू, तुह्यं रडणं खोटं हाये म्हणून?"

त्यानं बॅगेतून एक डबी काढली. "नबीलनं फोरमनच्याच हातून चटणी धाडली. संग निरोप अन् फोन नंबर. त्याचा बापही त्याच्यासंग बोलत नाही, तेरा वर्षं झाली!"

"कावून?"

शब्द निसटला तो चंपतरावांच्या तोंडून! दोन वर्षांत लेकाशी बोललेला पहिला!

"आज्याचं गाव होतं, तिथंच दुसऱ्यांच्या बिल्डिंगा बांधाले गेला म्हणून!"

चंपतराव खो खो हसत सुटले. "अबे, म्हणजे तिकडंही एक चंपत हाये!"

"हट्टाले पासपोर्ट लागत नाही, बाप्पा!" भागाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली.

पोळीच्या तुकड्यावर चटणी आली. ओव्यातिळाचा वास घरभर दरवळला, अन् चंपतराव मिटक्या मारू लागले. "आपल्या जवसाच्या चटणीची सर नाही याले. त्याले पाठव आपली! अन् लाव फोन. म्हण, भिलाईचा बुढा पोरासंग बोलला, आता तुह्या बापालेही बोलाले लाव."

राजदीपनं फोन काढला. "पण बुढा काय बोलला म्हणून सांगू, बाबा?"

चंपतराव खाटेवरून उठले. लेकासमोर येऊन त्यांनी हात जोडले.

"जयभीम, बेटा!"