अर्थ तुटलेली गाडी

"दाराला हात लावला की चावतं हो!"

गवतावर अजून सकाळचं दव होतं, आणि त्या ओल्या गवतात एक उंच, चष्मेवाला माणूस अनवाणी उभा राहून स्वतःच्याच गाडीकडे संशयाने बघत होता. गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. आत पलंग, शेगडी, फ्रीज, एवढासा गीझर. अशा गाड्या या तळावर येत, रांगेतल्या खांबाच्या पेटीत आपापली केबल खोचत, चार दिवस मजेत राहत आणि निघून जात. तळ आत्याचा होता, आणि तळावरची वीज आत्याच्या भाचीची. या भाचीच्या अंबाड्यात कायम एक टेस्टर खोचलेला असे, म्हणून अख्खा तळ तिला टेस्टरच म्हणायचा. ती चिडायची, पण हाकेला ओ द्यायची.

"चावतं म्हणजे कसं? कुत्र्यासारखं की मुंगीसारखं?" तिने विचारलं.

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "मुंगीसारखं. पण... पुष्कळ मुंग्या."

"आधी लांब व्हा दारापासून. आणि पायात काहीतरी घाला!"

तिने खांबावरून त्याची केबल उपटली आणि गवतावर बसकण मारून प्लग खोलला. आत तीन वायरींची जागा, पण जोडलेल्या दोनच. तिसरी, हिरवी, मुळापासून कापलेली. वर चिकटपट्टीसुद्धा कशी अगदी नीटनेटकी गुंडाळलेली!

"तुमच्या गाडीला अर्थच नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"अर्थ. अर्थची वायर. तुटलीये... तुटली कसली, चांगली कापलीये कुणीतरी."

तो एकदम हसत सुटला. हसता हसता चष्मा काढून पुसायला लागला. "माफ करा. मी शब्दकोशाचं काम करतो. शाळेतल्या मुलांसाठी. दिवसभर जगाला अर्थ पुरवायचे, आणि माझ्याच गाडीला..."

तिलाही हसू आलं होतं, पण ते तिने ओठांतच दाबलं. "हसू नका. कुणी कापली ही?"

"दाजींनी. माझ्या बहिणीचे यजमान. आतला मेन सारखा पडायचा. दाजी म्हणाले, तू चहा पी, मी बघतो. माझा चहा संपायच्या आत त्यांनी करून दाखवलं! त्यानंतर मेन एकदासुद्धा पडला नाही. ताईने सगळ्या नात्यात त्यांचं कौतुक केलं."

"कौतुक!" टेस्टर उसळलीच. "अहो, मेन पडत होता कारण गाडीत कुठंतरी वीज गळतेय. अर्थची वायर ती गळती जमिनीत नेते. तसं झालं की मेन पडतो, म्हणजे ओरडून सांगतो की बाबांनो, काहीतरी बिघडलंय. दाजींनी बिघाड तसाच ठेवला आणि सांगणाऱ्याचं तोंड बांधलं. आता ती वीज तुमच्या गाडीच्या पत्र्यावर येऊन बसलीये, आणि तुम्ही ओल्या गवतात अनवाणी उभे राहून तिच्याशी हस्तांदोलन करताय!"

तिचा आवाज चढला होता, कारण ती खरोखरच घाबरली होती. त्याला ते कळलं असावं. त्याने निमूटपणे बूट शोधले, घातले, आणि नाडीसुद्धा बांधली.

"आणि मी बिचाऱ्या दाराला दोष देत होतो," तो हळूच म्हणाला.

तिने हिरवी वायर जोडली, प्लग बंद केला, केबल खोचली. टक! नुसती त्याची गाडी नाही, सगळी रांग गेली. या रांगेला मेन एकच. चौथ्या गाडीतून काकांची आरोळी आली, "अगं टेस्टर! शेवटची ओव्हर चालली होती गं!"

"लावते, काका!" ती ओरडली, आणि याच्याकडे वळून म्हणाली, "चला, बरं झालं. गाडी तक्रार करायला लागली."

पुढचं काम तिच्या हातचं होतं. गाडीतलं सगळं बंद करायचं आणि एकेक चालू करत जायचं. तो आत बटणांपाशी, ती बाहेर खांबापाशी, मध्ये नुसत्या हाका.

"दिवे!"

"लागले!"

"फ्रीज!"

"चालू! आता मी?"

"तुमचं नंतर बघू! गीझर लावा!"

टक.

"अगं टेस्टर!!" काका.

सापडला चोर. गीझरच्या कॉइलला चीर गेली होती, आत पाणी शिरलं होतं. नवी कॉइल शहरातून मागवायला हवी, आणि ती काही उद्या येत नाही.

"मग तोवर मी काय करू?"

"गीझर बंद ठेवायचा, गार पाण्याने अंघोळ करायची," ती हत्यारं आवरत म्हणाली, "आणि थांबायचं."

थांबायचं. शब्द साधा होता, गीझरबद्दलच होता. पण गेल्या दोन वर्षांत तो तिने कुणालाही म्हटला नव्हता. दोन वर्षांपूर्वी एक जण अख्खा हंगाम इथं राहिला होता, येतोच म्हणून गेला होता, आणि पुढं कित्येक महिने प्रत्येक गाडीच्या हॉर्नला हिची मान वर होत होती. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं होतं... पाहुण्यांशी बोलायचं ते वायरीपुरतं. इथं येणारा माणूस जाण्यासाठीच येतो, मग जीव कशाला लावायचा?

आता गंमत अशी, की वायरी काही एका दिवसात संपत नाहीत. कधी त्याच्या दिव्याचा होल्डर सैल, कधी चार्जरचा प्लग ढिला. ती यायची, तो गाडीच्या पायरीवर कागद पसरून बसलेला असायचा, आणि काही ना काही विचारायचा.

"गळती म्हणजे काय? सातवीच्या मुलाला कळेल असं सांगा."

तिने वायरचं टोक सोलत विचार केला. "जायला नको तिथून, कुणाला कळू न देता, थोडं थोडं जात राहणं."

तो लिहायचा थांबला. तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. "मी यावर चार ओळी खरडल्या होत्या. तुझं जास्त बरं आहे."

तुझं! जीभ घसरली हे दोघांनाही कळलं. त्याने दुरुस्ती केली नाही, आणि तिने मागितलीही नाही. तिने खाली मान घालून ती वायर गरजेपेक्षा बरीच जास्त सोलली.

कॉइल आली. आली, आणि ऑफिसातल्या फळीवर पडून राहिली. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच, म्हटल्यावर आत्याने चष्म्यावरून बघितलं.

"हे त्या शब्दवाल्यांचं ना?"

"बसवते. घाई काय आहे?"

"तुला कुठं घाई असते! बसवलं की तो जाणार, हो ना?" आत्या खुर्ची ओढून समोरच बसली. "मग त्याला सांगून टाक की."

"काय सांगू? तेही जातील आणि विसरतील. मला नाही परत तसं दुखवून घ्यायचं. माझं बरं चाललंय."

"त्या दाजींवर एवढी चिडलीस," आत्या म्हणाली, "आणि तू गं? दुखलं म्हणून वायरच कापून ठेवलीस. मेन पडत नाही म्हणजे सगळं बरं चाललंय, असं कुठं असतं का, बाई?"

"तुला काय कळतंय विजेतलं!"

"विजेतलं मला काही कळत नाही," आत्या शांतपणे म्हणाली, आणि उठून आत गेली. टेस्टर एकटीच कॉइलच्या खोक्याकडे बघत बसली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्यातलं आधी काय आलं ते तिलाच सांगता आलं नसतं.

सकाळी तिने कॉइल बसवली. दिवे, फ्रीज, चार्जर, गीझर, सगळं एकदम चालू केलं. काही पडलं नाही. काकासुद्धा ओरडले नाहीत. इतकं चोख काम तिने कधी केलं नव्हतं, आणि इतकं नकोसं कधी वाटलं नव्हतं.

"म्हणजे आता मी निघायला मोकळा," तो म्हणाला. प्रकाशकाकडे झालेली पानं नेऊन द्यायची होती. आधीच उशीर झाला होता.

"हो."

"आणखी काही... सांगायचं आहे?"

सांगायचं होतं. पण तिने गाडीतल्या मेनकडे बोट दाखवलं. "हे छोटं बटण. महिन्यातून एकदा दाबायचं. मेन पडला तर समजायचं, राखण करणारा जागा आहे."

"आणि नाही पडला तर?"

"तर कुणाला तरी बोलवायचं."

"कुणाला?"

"जो जवळचा वायरमन असेल त्याला," ती म्हणाली, आणि टेस्टर अंबाड्यात खोचायला गेली तर तो खोचलाच गेला नाही. सगळे केस सुटून खांद्यावर आले. तो काही बोलेल म्हणून ती थांबली, ती बोलेल म्हणून तो थांबला. मग तिने त्याची केबल गोल, सुबक गुंडाळून त्याच्या हातात दिली. गाडी वळणाआड गेली.

पुढचे दिवस तिने स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या. बटण! सांगायचं काय होतं, आणि सांगितलं काय, तर बटण! हॉर्न वाजला की मान पुन्हा वर होऊ लागली. दुखत होतं. पण या वेळी तिने ते दुखू दिलं.

आणि एका संध्याकाळी, ऐन दिवेलागणीला... टक. सगळी रांग अंधारात.

"अगं टेस्टर!" काका.

"आले, आले!" ती बॅटरी घेऊन धावली. कुणाच्या गाडीत बिघाड, आता एकेक करून बघावं लागणार, असं पुटपुटत खांबापाशी पोचली, आणि तिथंच थबकली. पेटीचं झाकण उघडं होतं. समोर तो उभा. बूट घातलेला, नाडी बांधलेला, आणि मेनच्या छोट्या बटणावर बोट.

"महिना झाला," तो म्हणाला. "म्हटलं, बघावं... राखण करणारं कुणी जागं आहे का."

"अरे, गाडीतलं दाबायचं ते! माझ्या रांगेचं नाही!" ती म्हणाली. "सगळ्यांची वीज घालवलीस. ह्याला काही अर्थ आहे का?"

"आहे ना. तूच जोडून दिलास." त्याने बोट काढलं. "तिकडे माझं सगळं उत्तम चाललं होतं. पाणी गरम, मेन जागेवर, कुणी ओरडत नव्हतं. आणि मला करमत नव्हतं. मला तू आवडतेस. फार. याला दुसरा शब्द शोधत बसलो नाही, तडक आलो. आता तू म्हणशील तसं. केबल लावू, की वळवू गाडी?"

वर करायला मेनचा दांडा हाताशी होता. तिने तो वर केला नाही.

"राहा," ती म्हणाली. मग वाटलं की एवढं पुरणार नाही, म्हणून सगळंच म्हणून टाकलं. "गीझरसाठी नाही. माझ्यासाठी राहा. त्या दिवशीच म्हणायचं होतं, आणि मी बटण दाखवत बसले."

"अगं टेस्टर! काय बिघडलंय तरी काय?" काकांचा धीर सुटला होता.

"काही नाही, काका!" ती अंधारातून ओरडली. "तपासणी चाललीये! पाच मिनिटं!"

आणि तिने त्याचा हात धरला.

"चावतंय?" त्याने हळूच विचारलं.

"मुंगीसारखं," ती म्हणाली. "पण... पुष्कळ."