मावशीच्या टाक्यातलं निळं पाणी

या गं पोरींनो, जवळ सरका. गाण्याचा सराव पुरे झाला. तुमच्या आया न्यायला येईपर्यंत एक गोष्ट सांगते — माझ्या मावशीच्या, ओझेला तिचं नाव, टाक्याची, आणि त्या टाक्याच्या काठावर मला भेटलेल्या माणसाची. देवाचीही त्यात थोडी लुडबुड आहे.

तेव्हा आपल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्यासाठी पाण्यात बुडी द्यायची सोय नव्हती. मावशीच्या परसात, पेकानच्या झाडाखाली, तिच्या वडिलांनी बांधलेलं सिमेंटचं टाकं होतं. अख्ख्या गल्लीची पापं त्यातच धुतली गेली. दर उन्हाळ्यात मी त्याला आतून निळा रंग द्यायचे. त्या वर्षी कर-मंडळानं विमानातून फोटो काढले, निळा चौकोन पाहिला आणि कळवून टाकलं — खाजगी पोहण्याचा तलाव! घराची किंमत दुप्पट, कर दुप्पट. गल्लीतल्या बाकीच्या घरांच्याही किमती वाढवल्या, म्हणून सगळ्यांनी हरकत नोंदवली. मावशी शिवणकाम करणारी बाई. तो कर कायम राहिला असता, तर आम्हा दोघींना घर विकावं लागलं असतं.

एका दुपारी मी टाक्यातलं शेवाळ घासत होते. पाय ओले, डोक्याला फडकं, ओठांवर रविवारचं गाणं. कुंपणापाशी गाडी थांबली. काच अर्धी खाली आली… आत टाय लावलेला तरुण.

"हाच का तो तलाव?"

"हाच. येताय पोहायला? पण आधी पापं कबूल करावी लागतात हं."

तो गोंधळला. मग असा काही हसला — की माझ्या हातातला ब्रश पाण्यात पडला.

"मी थॅडियस. कर-मंडळातून आलोय. तुमची हरकत आली, म्हणून पाहणीला…"

"गाडीत बसून पाहणी?"

"आम्ही तशीच करतो. उतरायला वेळच देत नाहीत."

"उतरा! आमच्या घराला दार आहे."

उतरला बिचारा. पाण्यात बोटं बुडवली आणि दचकला. "बर्फ आहे हे!"

"पोहणाऱ्यांसाठी नाहीच मुळी."

मावशीनं त्याला गार गोड चहा दिला, पीच घालून भाजलेला गोड कॉब्लर वाढला. त्यानं दोनदा मागून खाल्ला. निघताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "टाकं मोजावं लागेल…"

"टेप कुठाय?"

"तेच ना. पुन्हा यावं लागणार."

तो पुन्हा आला. मग पुन्हा. टेप काही कधी आणली नाही.

सुनावणीच्या दिवशी अख्खं चर्च कचेरीत जाऊन बसलं, हातातले पंखे हलवत. कर-मंडळाचे अध्यक्ष एकेकाला दोन वाक्यांत गुंडाळत होते. मावशीची पाळी आली. तिनं एकच विचारलं, "साहेब, किंमत ठरवण्याआधी आमच्या दारात तुमच्यापैकी कोण येऊन गेलं?"

मागून आमच्या चर्चचे पाळक बर्डसाँग यांनी हळूच सूर धरला, रविवारी प्रवचन करता करता गाण्यात शिरताना धरायचे तसाच. सगळी माणसं गुणगुणू लागली.

"शांत बसा!" अध्यक्षांनी टेबल आपटलं.

"लेकरा," मावशी म्हणाली, "हे आमचं शांत बसणंच आहे."

"प्रत्येक घराची जागेवर पाहणी झाली आहे," अध्यक्ष म्हणाले. "खाली आमच्या माणसाची सही आहे."

भिंतीकडच्या खुर्चीतून थॅडियस उठला.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "पाहणी नाही. सही केली तेव्हा त्या गल्लीतल्या एकाही घरापाशी मी गाडीतून उतरलो नव्हतो. आम्ही कुणीच उतरत नाही."

गुणगुणणं थांबलं. मग पाळक मोठ्यानं म्हणाले, "आमेन!"

त्यानंतर आमच्यातलं कुणी जागचं हललंच नाही. पुन्हा पाहणी करू, असं मंडळाला कबूल करावं लागलं. शनिवारी मंडळाचे साहेब चकचकीत बुटांनी आमच्या लाल मातीत उतरले आणि घरोघर फिरले. तलाव खोडला गेला. किमती उतरल्या. आणि सोमवारी थॅडियसची नोकरी गेली.

पुढच्या रविवारी बाप्तिस्मे होते. सगळे घरात जेवायला गेले. मी काठावर ओले झगे पिळत होते.

"पोहायला आलोय," मागून आवाज आला.

मी वळले नाही. "पापं?"

"एक. तुमचं घर न बघता सही केली."

"आणि?"

"आणि… हे पाप नाही, तरी कबूल करायचंय. कोरीन, मला रोज याच दारात उतरायचंय. उतरू देशील?"

मी पिळलेलाच झगा पुन्हा पिळू लागले. स्वयंपाकघरातून मावशी ओरडली, "अगं बोल की! कॉब्लर गार होतोय!"

"टेप आणलीस?" मी विचारलं.

"नाही."

"मग राहा."

तो बघा, शेवटच्या बाकावर डुलक्या घेतोय, तोच. मावशी मात्र देवाघरी गेली. आज झोपताना प्रार्थनेत तिचं नाव घ्या. आणि कधी कुणी तुमच्या दारासमोर गाडीत बसून तुमच्या घराची किंमत सांगू लागलं, तर ओझेला मावशी आठवा, आणि त्याला म्हणा — आधी खाली उतर, लेकरा.