उजव्या धडातला थप्प

होडीची तपासणी कानांनी होते. लहान हातोडी घ्यायची आणि वीत-वीत अंतरावर ठोकत जायचं. भिंतीतले फायबरचे थर एकजीव असतील तर टण्ण वाजतं. आतून सुटले असतील तर थप्प, ओल्या पुठ्ठ्यासारखं. थप्प आला की खडूने गोल करायचा. वीस वर्षं मी हेच करते आहे.

आत्याची कॅटमरान चाळीस वर्षांची. दोन लांबट धडं, वर एकच डेक, मधोमध शिडाचा खांब. डाव्या धडात तिची चूल, उजव्यात बिछाना. दुसरं घर तिला नाही. होडी ओढून लाकडी ठोकळ्यांवर घेतली होती. शुक्रवारी तपासनीस येणार होता. एक जरी थप्प निघाला, तरी होडी तोडणीला.

"तोडणीला म्हणे! आधी त्याचे दात पाडीन," आत्या म्हणाली.

सोमवारी डावं धड खणखणीत निघालं. उजव्यात, अगदी तळाशी, तळहाताएवढा एकच थप्प. तेवढा भाग मी घासून उघडला. आतला फोम कोरडा, थर जागच्या जागी. सुटलेलं काहीच नव्हतं. तरी फायबरचं कापड रेझिनमध्ये, सुकल्यावर दगड होणाऱ्या चिकात, भिजवून तीन थर चढवले.

मंगळवारी तिथे टण्ण. थप्प वीतभर वर सरकलेला.

"तुझाच कान चुकला असेल गं."

"आत्या, गोल खडूने केलाय. खडूला काय पाय फुटले?"

पुन्हा घासलं, पुन्हा थर दिले. बुधवारी तो आणखी वर, पाण्याच्या रेषेपाशी. मी हातोडी ठेवून तळहात टेकवला. जागा उबदार होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी. त्यानंतर मी बराच वेळ हातांना साबण लावत राहिले.

गुरुवारी सकाळी तो बिछान्याच्या उंचीला आला. बरोबर उशीपाशी.

"आज माझ्याकडे झोपायला चल," मी म्हणाले.

"माझ्या घरात मी कुठे झोपायचं, ते हा ठरवणार? चारी बाजूंनी बांध त्याला. जाईल कुठे बघू."

मी त्याच्याभोवती जाड पट्ट्यांचं कडं घातलं. खाली वाट नाही, वर नाही, बाजूला नाही. मग आत्या आत गेली आणि नेमक्या त्याच जागी पाठ लावून बसली. बाहेर मी रोलर फिरवत होते. भिंतीतून तिचा आवाज येत होता, जात्यावर बसल्यासारखा, संथ:

पाण्याची मी लेक, वाऱ्याची मी सून
कोण मला काढी माझ्या घरातून

रेझिन कडक होईपर्यंत ती हलली नाही.

शुक्रवारी तपासनीसाने दोन तास ठोकलं. तळ, रेषा, कडं, उशीची जागा.

टण्ण. टण्ण. टण्ण.

त्याने कागदावर सही केली. "होडी म्हातारी, पण वाजते कशी बघा!"

मी माझी हातोडी पिशवीत टाकली.

"आणि मी काय कमी आहे?" आत्याने मूठ वळून छाती ठोकली. "काढून दाखवा मला इथून, साहेब!"

थप्प.

आत्या हसतच होती. तपासनीसाचा हात सवयीने खिशात गेला, खडू घेऊन बाहेर आला आणि तिच्यासमोर तसाच थांबला.